संडासामागचा चर

आमच्या खोपटाचा संडास कलला नसता, तर मी आजही आमच्या स्कारदाल गावात ताठ मानेने फिरत असतो. मान अजूनही ताठच आहे म्हणा, पण ती आता दुखते म्हणून.

खोपट म्हणजे डोंगरावरचं आमचं लाकडी घर. राष्ट्रीय उद्यान व्हायच्या कितीतरी आधीपासून ते ऐन खिंडीत उभं आहे, म्हणून उद्यानवाल्यांनी ते राहू दिलं आणि आजूबाजूचा एकही दगड हलवायचा नाही अशी ताकीद दिली. संडास खोपटामागे वीस पावलांवर. आत राजाराणीची तसबीर आहे, सगळ्याच सभ्य संडासांत असते तशी. दरवर्षी बर्फ वितळलं की दलदलीचं पाणी संडासाच्या पायात मुरायचं आणि संडास थोडा वाकायचा. यंदा तो इतका कलला की दार लागेना. दार सताड उघडं ठेवून समोरचे डोंगर बघत बसायला माझी काहीच हरकत नव्हती, सगळेच तसे बसतात. पण माझी बायको सिग्रुन म्हणाली, "हालवार, राजेसाहेब आता कोणत्याही क्षणी पडतील. तू खाली बसलेला असताना पडले तर लोकांना मी काय सांगू?"

म्हणून मी एक छोटासा चर खणायचं ठरवलं. वीतभर रुंद, वीतभर खोल. पाणी संडासाला वळसा घालून जाईल एवढाच. माझी महत्त्वाकांक्षा कधीच याहून मोठी नव्हती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, मला आवडत नसली तरी. मी चौतीस वर्षं गावच्या शाळेत भूगोल शिकवला. दर सप्टेंबरला मुलांना याच खिंडीत आणायचो, एका सपाट कातळावर कपभर पाणी ओतायचो आणि दाखवायचो: हे बघा, अर्धं पाणी पूर्वेला, आपल्या तळ्यात, तिथून हेस्तफोस धबधब्यावरून आपल्या गावात. अर्धं पश्चिमेला, पलीकडच्या दरीत. याला म्हणतात जलविभाजक. मग मुलांकडून वहीत एक वाक्य लिहून घ्यायचो: 'इथे एक फावडं माती इकडची तिकडे केली तरी नदी आपला विचार बदलते.' गावातल्या पन्नाशीच्या आतल्या प्रत्येक माणसाने हे वाक्य लिहिलंय. काहींनी दहादा, शिक्षा म्हणून.

आता शेजारी ओड्वार. ओड्वारने आयुष्यात काही बिघडवलेलं नाही, कारण तो हातात हत्यार म्हणून धरत नाही. तो सल्ला देतो. मी संडासाशेजारी पहिलं फावडं मारलं आणि तो थर्मास घेऊन हजर झाला.

"इथे खणून काय उपयोग?" तो म्हणाला. "पाणी येतं कुठून? वरून. मग वरूनच सुरू कर की. तळ्याच्या काठापासून."

"अरे, तो काठ म्हणजे तळ्याचा बांध आहे."

"वीतभर चर रे! तळ्याला पत्तासुद्धा लागणार नाही. मास्तर असून घाबरतोस?"

मास्तर असून घाबरतोस, या तीन शब्दांनी माझा घात केला. दलदलीची माती लोण्यासारखी कापली जात होती. तीन तासांत चौदा मीटर चर झाला. पाणी त्यात शिरलं, संडासाला वळसा घालून शहाण्यासारखं पश्चिमेच्या उतारावर गेलं. मला इतकं समाधान शेवटचं कधी झालं होतं ते आठवेना. आम्ही कॉफी प्यायलो, वॉफलवर तपकिरी चीज घालून खाल्लं, आणि मी वही काढली.

वहीबद्दल सांगतो. डोंगरातल्या प्रत्येक खोपटात एक वही असते. किल्ली दाराजवळच्या चपट्या दगडाखाली असते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. वाटसरू यावा, विसावा घ्यावा, कॉफी करावी, कप धुवावेत, आणि वहीत तारीख, हवामान आणि आपण काय केलं ते लिहावं. न लिहिता निघून जाणं म्हणजे ताटावरून उठून हात न धुता जाण्यासारखं. आमची वही माझ्या वडिलांनी सुरू केली. महायुद्धाच्या पाच वर्षांत त्यांनी फक्त हवामान लिहिलं, पण लिहिलं. तर मी लिहिलं:

'३ जुलै. ऊन. वारा ईशान्येचा, मंद. संडासामागे चर खणला, १४ मीटर, तळ्याच्या काठापासून. पाणी झकास पश्चिमेला जातंय. कॉफी. हालवार.'

जगातल्या कोणत्याही गुन्हेगाराने इतक्या सुवाच्य अक्षरात कबुलीजबाब लिहून ठेवला नसेल.

मग चार दिवस पाऊस झाला. दहा तारखेला ओड्वार आमच्या घरी आला आणि पायातले बूट न काढता आत शिरला. हे त्याने तीस वर्षांत केलं नव्हतं.

"हेस्तफोस बघितलास?" तो कुजबुजला.

मी गेलो. एवढा पाऊस होऊनसुद्धा, जो धबधबा गोठ्याच्या भिंतीएवढा रुंद कोसळायचा, तो बुटाच्या नाडीएवढा झाला होता. खाली गुन्वरची वॉफलची टपरी. गुन्वर माझी विद्यार्थिनी, मागच्या बाकावरची, दहा वर्षांत एकदाही हात वर न केलेली. थोड्या मेंढ्या आणि ही टपरी, एवढ्यावर तिचं वर्ष निघतं. ती काउंटरवर कोपर टेकून वर बघत होती. मला बघून म्हणाली, "मास्तर, ढग तर भरपूर होते ना?"

"होते," मी म्हणालो.

ओड्वार आणि मी धापा टाकत खिंडीत चढलो. माझा वीतभर चर आता कमरेइतका खोल झाला होता. पाणी त्यातून घोंघावत पश्चिमेला चाललं होतं, काठाची ढेकळं धपाधप आत पडत होती आणि दर ढेकळाबरोबर चर रुंदावत होता. तळं निम्म्यावर आलं होतं. ज्या कातळावर मी चौतीस वर्षं पाणी ओतलं, त्याच्या दोन्ही बाजूंचं पाणी आता एकाच दिशेने जात होतं. मी त्याच कातळावर बसलो.

"तूच शिकवायचास ना ते?" ओड्वार म्हणाला. "एक फावडं इकडचं तिकडे..."

"तू सांगितलंस वरून खणायला!"

"मी सल्ला दिला. ऐकलंस तू. यात माझा दोष कुठे?"

त्या दिवशी खोपटात पाऊलही टाकलं नाही. आपल्याच घराची भीती वाटायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी मी उद्यानाच्या कार्यालयात फोन केला. नाव सांगितलं नाही, आवाजही थोडा घोगरा काढला.

"समजा," मी म्हणालो, "उद्यानात एखादा चर असेल आणि एखाद्याला तो बुजवायचा असेल, तर?"

"अर्ज करावा लागेल," पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली. "दगडमाती हलवायची म्हणजे परवानगी लागतेच. पक्ष्यांची घरटी, वनस्पती, सगळं बघावं लागतं. आठ आठवडे धरा. चर कोणी खणलाय?"

"तो... काल्पनिक आहे."

"मग काल्पनिक चर बुजवायला परवानगी लागत नाही," ती म्हणाली. "बुजवून टाका खुशाल."

आठ आठवड्यांत तळ्याच्या जागी गवत उगवलं असतं. मी ओड्वारला म्हणालो, आपणच गुपचूप बुजवू. पण उद्यानातला दगड हलवायचा नाही हा नियम आमच्या हाडीमांसी खिळलेला. चर खणताना तो आठवला नाही, पण बुजवताना आठवला. तेव्हा सोळा तारखेला आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी माझ्या बागेतले दगड पाठपिशव्यांत भरले आणि चार तास चढून वर नेले. वाटेत ओळखीचे लोक भेटले. डोंगरात सगळे सगळ्यांना थांबून नमस्कार करतात, गावात बसथांब्यावर ढुंकून बघत नाहीत. "सामान बरंच दिसतंय," एकजण म्हणाला. "डबा," ओड्वार म्हणाला, आणि त्याच्या पाठीवर दगड खडखडले.

मी चरात पहिला दगड टाकला. पाण्याने तो उचलला आणि पश्चिमेला नेला. दुसरा नेला. तिसऱ्याच्या वेळी काठ खचला आणि मी छातीपर्यंत बर्फासारख्या पाण्यात गेलो. पाय तळावर ठरेनात. पाणी मला ओढत होतं, आणि पुढे चाळीस पावलांवर तो नवा उतार होता, जिथून सगळं खाली कोसळत होतं. त्या क्षणी मला ना सिग्रुन आठवली ना देव आठवला. मला एवढंच आठवलं, की माझं प्रेत पलीकडच्या दरीत सापडेल आणि सगळ्यांना सगळं कळेल. ओड्वारने माझी पाठपिशवी धरली, मला बाहेर खेचलं, आणि खोपटात न शिरता ओल्या कपड्यांनीच आम्ही खाली उतरलो. एवढ्यासाठी मी त्याला काही सल्ले माफ केले आहेत.

दरम्यान पलीकडच्या दरीतल्या लोकांना अचानक एक नवा धबधबा मिळाला होता. माणसाला लाज असावी, पण नाही. त्यांनी त्याचं बारसं केलं, रस्त्यावर बाण लावला आणि तिथे वॉफलची गाडी उभी केली. पर्यटकांच्या बस आमच्याकडे यायच्या, चालक वर बघायचा, मान हलवायचा आणि पलीकडे निघून जायचा.

अठरा तारखेला गावाची सभा भरली. सभागृह गच्च. कोणी म्हणालं हवामान बदललं, कोणी म्हणालं वीजवाल्यांचा कावा, कोणी म्हणालं गेल्या वर्षी आलेल्या त्या परदेशी जोडप्याने काहीतरी केलं असणार. मग उद्यानाची रक्षक तुरिड उठली. तीही माझीच विद्यार्थिनी, शिस्तीची, पेन्सिलीला कायम टोक असणारी. ती म्हणाली, "मास्तरांना विचारू या. त्या डोंगराचं पाणी त्यांच्याइतकं कोणाला कळतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगायची हीच वेळ होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी उठलो आणि चाळीस मिनिटं हिमनद्यांवर बोललो. बाष्पीभवनावर बोललो. खडकांतल्या भेगांवर तर इतकं छान बोललो की शेवटी टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून गुन्वर म्हणाली, "पण मास्तर, पाणी परत येईल ना? बसवाले म्हणतात, पुढच्या वर्षीपासून पलीकडेच जाऊ."

"निसर्गाचं काही सांगता येत नाही," मी म्हणालो. असं वाक्य वर्गात कोणी बोललं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

सभेने एक समिती नेमली आणि मला तिचा अध्यक्ष केलं. चोरालाच कोतवाल नेमल्यावर तो नाही कसं म्हणणार? अठ्ठावीस तारखेला, शनिवारी, खिंडीत जाऊन पाहणी करायची ठरलं. "वाटेत कॉफी मास्तरांच्या खोपटात," तुरिड म्हणाली. "वहीत नोंदही करता येईल सगळ्यांना."

वही. मी घरी आलो आणि जेवलो नाही. पुढचे दहा दिवस मी झोपलोही नाही. डोळे मिटले की माझंच वळणदार अक्षर दिसायचं. संडासामागे चर खणला. झकास. झकास काय झकास! मला चौतीस वर्षं मास्तर म्हणणाऱ्या गावाला मी हे कोणत्या तोंडाने वाचून दाखवणार होतो? वर जाऊन वही आधीच आणावी, असं रोज सकाळी ठरवायचो. आणि चर समोर दिसेल या भीतीने रोज दुपारी रद्द करायचो. सिग्रुन रोज विचारायची, "तुला काही सांगायचंय का?" आणि मी म्हणायचो, "ॲसिडिटी."

शनिवारी मी समितीला म्हणालो, "तुम्ही सावकाश या. मी पुढे होऊन कॉफी टाकतो." आणि धबधब्याशेजारच्या उभ्या वाटेने चढलो. या वाटेवर दोन माणसांना ओरडून बोलावं लागायचं. आता काहीच ऐकू येत नव्हतं. ओला कातळ वाळून पांढरा पडला होता, शेवाळ करपलं होतं. माझा श्वास तेवढा मोठ्याने ऐकू येत होता. मला त्या शांततेची इतकी भीती वाटली की शेवटचा चढ मी जवळजवळ पळत चढलो.

किल्ली दगडाखाली होती. वही टेबलावर होती. खिडकीतून समितीतले नऊ जण खालच्या वळणावर दिसत होते. दहा मिनिटं होती हातात. पान फाडायचं, चुलीत टाकायचं, संपलं. मी पान उघडलं, दोन बोटांत धरलं. वडिलांनी बॉम्ब पडत असताना 'हलका पाऊस' लिहिलं होतं, पण पान फाडलं नव्हतं. माझी बोटं काही केल्या ओढेनात.

तेवढ्यात माझ्या नोंदीखालचा मजकूर दिसला.

'९ जुलै. धुकं. मेंढ्या शोधायला आले. चराचं पाणी पश्चिमेला जातंय. मास्तरांच्या लक्षात आलं असेलच. कप धुतले. गुन्वर.'

'१४ जुलै. ऊन. चर मोजला, लांबी १४ मीटर, खोली १ मीटर. मास्तर सांगतीलच. सरपण फोडून ठेवलं. तुरिड.'

'१९ जुलै. ढगाळ. काल सभेत मास्तर हिमनद्यांवर छान बोलले. चर आता छातीइतका. कप धुतले. गुन्वर.'

'२२ जुलै. ऊन. ब्लूबेरी भरपूर. त्याला झोप नाही. कृपा करून कोणी काही बोलू नका, तो स्वतः सांगेल. सिग्रुन.'

आणि सगळ्यात खाली:

'२६ जुलै. वारा. आज एकही गिऱ्हाईक नाही. वॉफलचं पीठ मेंढ्यांना घातलं. अजून थांबते. कप धुतले. गुन्वर.'

अठरा दिवस मी कळेल म्हणून घाबरत होतो. आणि सगळ्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मला हायसं वाटायला हवं होतं, पण माझी नजर मेंढ्यांना घातलेल्या त्या पिठावरून हलेना. माझ्या अब्रूपायी ती बाई रोज रिकाम्या टपरीवर उभी राहत होती, आणि वर माझे कप धुवून जात होती.

बाहेर बूट आपटल्याचे आवाज आले. दार उघडलं. तुरिड, गुन्वर, ओड्वार आणि बाकीचे आत येऊन ओळीने बाकांवर बसले. वही माझ्यासमोर उघडी होती. कोणीही तिकडे बघत नव्हतं, सगळे खिडकीतून हवामान बघत होते.

मी हात वर केला. का ते मलाही माहीत नाही.

"बोला, मास्तर," तुरिड म्हणाली.

"चर मी खणला," मी म्हणालो. "हेस्तफोसचं पाणी मी घालवलं. आणि मग सभेत खोटं बोललो."

"हो," गुन्वर म्हणाली. एवढंच.

"मीही थर्मास घेऊन होतो तिथे," ओड्वार पुटपुटला. त्याच्याकडून एवढं आलं म्हणजे खूपच झालं.

"तुला सगळं ठाऊक होतं," मी गुन्वरला म्हणालो. "मग बोलली का नाहीस गं? तुझं सगळं बुडत होतं."

ती म्हणाली, "तुम्हीच म्हणायचात ना, ज्याला उत्तर माहितीय त्याने स्वतः हात वर करावा, शेजारच्याने सांगायचं नाही. मी गप्प बसायची तेव्हा तुम्ही पण थांबायचात. तास संपेपर्यंत थांबायचात. मी म्हटलं, आपण पण थांबू."

तुरिडने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. चर बुजवण्याचा अर्ज. तिने तो चौदा तारखेलाच, तातडीचा म्हणून, केला होता. मंगळवारी मंजूरही झाला होता, शिक्क्यासकट. "फक्त सहाव्या ओळीत खणणाऱ्याचं नाव हवंय," ती म्हणाली. "ते खणणाऱ्यानेच लिहायचं असतं. नियम आहे." मी लिहिलं. माझं अक्षर आयुष्यात पहिल्यांदा वाकडं आलं.

मग कळलं की सगळ्यांनी फावडी आणली होती आणि ती बाहेर संडासाला टेकून ठेवली होती. श्रमदान सुरू झालं. परवानगीत चाळीस दगड हलवायला मुभा होती. तुरिड पेन्सिलीने मोजत होती, आणि एक्केचाळिसावा दगड तिने ओड्वारला परत जागेवर नेऊन ठेवायला लावला. संध्याकाळपर्यंत चर बुजला. तळं काठाला लागायला मात्र वेळ लागणार होता. लागलंच नाही तर काय, ही भीती अजून होतीच.

रविवारी मी गुन्वरच्या टपरीवर गेलो आणि पीठ कालवायला लागलो. तिने पळी माझ्या हातात दिली. सोमवारीही गेलो. दुपारी वरून गोठ्याचं दार ढकलल्यासारखा आवाज आला. आम्ही दोघं बाहेर आलो. पांढऱ्या कातळावर आधी एक ओली रेघ उतरली, मग दोन, मग सगळा कडाच वाजायला लागला. मी काहीतरी म्हणालो, पण पाण्याच्या आवाजात तिला ऐकू आलं नाही. तिने हातानेच विचारलं, काय? मी मान हलवली. ते परत म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं.

संडास अजून कललेलाच आहे. राजाराणी भिंतीवरून माझ्याकडे वाकून बघतात, आणि मी दार उघडं ठेवून बसतो. वही मी सप्टेंबरमध्ये उघडली. माझ्या नोंदीखाली, तिच्या त्या मागच्या बाकावरच्या बारीक अक्षरात, एक नवी ओळ होती:

'२९ ऑगस्ट. ऊन. बस भरून आली. महिनाभर रोज टपरीवर कप मास्तरांनी धुतले. गुन्वर.'